शिक्का नसलेली राहदानी: पोखऱ्याच्या एका जोडप्याच्या युरोप व्हिसाचं प्रकरण

जुलै २०२५ मध्ये माझ्या एका कॉलेजमित्राचा जर्मनीहून फोन आला. तो मूळचा नेपाळमधल्या पोखऱ्याचा, इंजिनिअरिंगला पुण्यात माझ्या वर्गात होता. चार वर्षं हॉस्टेलवर राहिला आणि गणपतीत न चुकता आमच्या घरी जेवायला यायचा. त्याचे आईवडील तेव्हा दोनदा पुण्यात येऊन गेले. तो त्यांना आमा आणि बुबा म्हणतो, मग आम्हीही तेच म्हणायला लागलो. आता तो श्टुटगार्टला नोकरी करतो. आमा-बुबांचा शेंगेन टूरिस्ट व्हिसा, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, नाकारला गेला होता आणि बुबा चार दिवस नीट जेवले नव्हते. ‘तू हेच काम करतेस ना, एकदा फाइल बघशील का?’ एवढंच त्याने विचारलं.

मी बारा वर्षं व्हिसाच्या अर्जांची कागदपत्रं तयार करून देते. ग्राहक बहुतेक पुण्या-मुंबईचे, म्हणजे भारतीय पासपोर्टवाले. नेपाळी पासपोर्टवर एवढ्या बारकाईने मी पहिल्यांदाच काम केलं. त्यातून जे कळलं ते इथे सविस्तर लिहिते आहे, त्या दोघांच्या परवानगीने आणि नावं न देता.

बुबा सरकारी माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. निवृत्तिभरण, म्हणजे पेन्शन, महिन्याला सुमारे ३८,००० नेपाळी रुपये. पोखऱ्यात स्वतःचं घर, वरच्या मजल्यावर दोन भाडेकरू, त्यांचं भाडं २२,०००. बँकेत सहा लाखांच्या आसपास शिल्लक. भारतीय रुपयाचे नेपाळी रुपये १.६ या ठरलेल्या दराने होतात, म्हणजे आपल्या हिशेबाने शिल्लक पावणेचार लाख झाली. धाकटी मुलगी लग्न होऊन पोखऱ्यातच राहते, तिला दोन मुलं. गावाकडे थोडी शेती. माणसं खाऊनपिऊन सुखी आहेत आणि महिनाभर मुलाकडे राहून परत घरी यायचं आहे. नाकारण्यासारखं यात काय होतं?

फाइल स्कॅन होऊन आली तेव्हा पहिल्या दहा मिनिटांत उत्तर दिसलं.

अर्ज काठमांडूतल्या एका एजंटने भरून दिला होता. नेपाळमध्ये अशा धंद्याला सरसकट ‘कन्सल्टेन्सी’ म्हणतात. त्याने आमा-बुबांना पहिली गोष्ट सांगितली ती ही, की मुलगा तिकडे आहे हे लिहायचं नाही. मुलगा आहे म्हटलं की तिथेच राहतील असा संशय येतो, म्हणून शुद्ध पर्यटन दाखवायचं. मग दहा दिवसांत चार देश, रद्द करता येतील अशी हॉटेल बुकिंगं, जर्मनीत तीन रात्री. दुसरी गोष्ट पैशांची. सहा लाख कमी दिसतात म्हणून अर्जाच्या अकरा दिवस आधी बुबांच्या खात्यात एकरकमी २५ लाख आले. कुणाचे, तर एजंटच्याच ओळखीतल्या माणसाचे, वर त्याचं कमिशन वेगळं. त्याच दिवशी बँकेकडून ‘ब्यालेन्स सर्टिफिकेट’ काढलं. तिसरं, एका चार्टर्ड अकाउंटंटचा मालमत्ता अहवाल. त्यात घर आणि शेतीची किंमत कोटींत लावली होती. भाड्याचा उल्लेख मात्र कुठेच नव्हता, कारण घरबहाल कर, म्हणजे घरभाड्यावरचा कर, भरलेला नव्हता.

मुलाखतीच्या खिडकीपाशी बुबांना विचारलं, जर्मनीच का? पस्तीस वर्षं वर्गात खरं बोला असं शिकवलेला माणूस. ते म्हणाले, ‘छोरो उतै छ, उसैलाई भेट्न जाने.’ मुलगा तिकडे आहे, त्यालाच भेटायला जायचंय.

फाइल एक सांगत होती आणि अर्जदार दुसरंच. नकाराचं पत्र ठरावीक छापील नमुन्यात येतं, कारणांपुढे चौकोन असतात आणि लागू कारणावर खूण केलेली असते. इथे दोन खुणा होत्या: प्रवासाचा हेतू आणि मुक्कामाच्या परिस्थितीबद्दल दिलेली माहिती विश्वासार्ह नाही, आणि व्हिसा संपण्यापूर्वी परत जाण्याच्या इराद्याबद्दल रास्त शंका आहे. मला त्या अधिकाऱ्याचा राग आला नाही. समोर ठेवलेल्या कागदांवरून मीही हेच लिहिलं असतं.

मित्राला वाटत होतं, आक्षेप नोंदवू, खरं काय ते पत्राने कळवू. जर्मनीच्या दूतावासांत पूर्वी ती सोय होती. नकारावर फेरविचाराची लेखी विनंती करता यायची आणि त्याला पैसे पडत नसत. १ जुलै २०२५ पासून जर्मनीने ती पद्धत जगभर बंद केली. नकार आल्यावर आता दोनच वाटा उरतात: बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात महिन्याभरात दावा, नाहीतर नवा अर्ज, नवं शुल्क. प्रौढ माणसाला ९० युरो, परत न मिळणारे. ११ जून २०२४ पूर्वी ते ८० होते. आम्ही नवा अर्ज ठरवला. आधीचा नकार लपवता येत नाही आणि लपवूही नये, कारण बोटांचे ठसे आणि अर्जाचा इतिहास शेंगेन देशांच्या सामाईक संगणकात असतो. एकोणतीस देश एकच नोंद बघतात. एका देशाने नाकारलं म्हणून दुसऱ्याकडे जाऊ, हा सल्ला मी अजूनही ऐकते आणि दर वेळी हात जोडून नको म्हणते.

नव्या फाइलचं काम सुरू झालं आणि मग मला खरा पेच दिसला.

दोघांच्या राहदान्या कोऱ्या होत्या. राहदानी म्हणजे पासपोर्ट. नेपाळीतला हा शब्द मला फार आवडतो. नव्या ई-पासपोर्टच्या चौतीस पानांवर एकही शिक्का नाही. अर्ज तपासणाऱ्याच्या नजरेला ही माणसं आयुष्यात कधी देशाबाहेर पडलेली नाहीत. साठी ओलांडलेले, पहिलाच परदेश प्रवास, तोही थेट युरोप, आणि मुलगा तिथे. संशय घ्यायला याहून जास्त काही लागत नाही.

वस्तुस्थिती अशी की आमा-बुबा भारतात किमान पंधरा वेळा येऊन गेलेत. काशी, गया, हरिद्वार, रामेश्वर, त्र्यंबकेश्वर, शिर्डी. पोखऱ्याहून बसने भैरहवा, चालत सीमेवरची सुनौलीची कमान ओलांडायची, जीपने गोरखपूर, आणि तिथून गाडी. पुण्याला आले ते असेच आले, दोन्ही वेळा. बुबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पुण्यात झालं. दर वेळी ते मुदतीत घरी परतले, कारण शाळा उघडायची असायची. ३१ जुलै १९५० च्या भारत-नेपाळ मैत्री करारानंतर दोन्ही देशांच्या नागरिकांना एकमेकांकडे जायला व्हिसा लागत नाही, आणि जमिनीच्या सीमेवर तर पासपोर्टही लागत नाही. त्यामुळे शिक्काही पडत नाही. ज्या देशात नेपाळी माणूस सगळ्यांत जास्त हिंडतो, त्या प्रवासाची त्याच्या राहदानीत खूणच उरत नाही. फोनवर आमा म्हणाली, ‘हामी त कति ठाउँ घुमेका छौं, पासपोर्टमा मात्रै छैन.’ किती ठिकाणी फिरलोय आम्ही, फक्त पासपोर्टात नाही.

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. आपण मराठी माणसं नेपाळला पशुपतिनाथ, मुक्तिनाथ करून येतो तेव्हा आपल्याही पासपोर्टात काही उमटत नाही. पण आपल्याला त्याने फरक पडत नाही, कारण नेपाळ ही आपल्यासाठी एक सहल असते. नेपाळी कुटुंबाच्या बाबतीत भारत म्हणजे शिक्षण, दवाखाना, तीर्थयात्रा आणि नोकरी असं सगळं असतं.

काठमांडूतल्या दुसऱ्या एका एजंटने उपाय सुचवला: आधी सिंगापूर, मालदीव करा, राहदानी ‘भारी’ करा, मग युरोप. वरवर पाहता चुकीचं नाही. मालदीवला नेपाळी पर्यटकाला उतरल्यावर व्हिसा मिळतो. सिंगापूरला तर नेपाळी नागरिकाला आधी व्हिसा काढावाच लागत नाही. आपल्याला लागतो, त्यांना नाही, हे पुण्यात सांगितलं की कुणाचा विश्वास बसत नाही. पण निव्वळ युरोपच्या अर्जासाठी पेन्शनच्या पैशांतून दोन देश फिरून यायचं, हे मला पटलं नाही. शिवाय सिंगापूरला हल्ली परदेशी पाहुण्यांच्या पासपोर्टवर शिक्का मारतच नाहीत, प्रवेशाची नोंद ईमेलने येते. झालेला प्रवास आहे, तोच कागदावर आणू असं मी म्हटलं.

आमाच्या कपाटातली एक प्लॅस्टिकची पिशवी उघडली गेली. त्यात काय नव्हतं! २०१६ चं पुण्याच्या नेत्र रुग्णालयाचं डिस्चार्ज कार्ड, बुबांचं नाव, वय आणि पोखऱ्याचा पत्ता असलेलं. रामेश्वरच्या धर्मशाळेची पावती. गोरखपूर-पुणे गाडीची दोन छापील तिकिटं, नावांसकट. मुलाच्या पदवीदान समारंभाचं पालकांसाठीचं निमंत्रण. मी एक पानाचं पत्र लिहिलं, बुबांच्या सहीचं. त्यात मोजक्या वाक्यांत: भारत-नेपाळ सीमेवर शिक्के पडत नाहीत, म्हणून आमचा प्रवास पासपोर्टवर नाही, तो या चार कागदांवर आहे, आणि प्रत्येक वेळी आम्ही परतलो. काठमांडूत बसलेल्या अधिकाऱ्याला ही सीमा कशी आहे ते ठाऊक असतंच. तरी फाइलमध्ये ते असावं लागतं, कारण निर्णय फाइलवर होतो.

बाकी कागदांत सगळ्यांत जास्त वेळ गेला तो तारखांवर. नेपाळचा सगळा सरकारी कारभार विक्रम संवतात चालतो. हा संवत आपल्या पंचांगातल्यासारखा चांद्र नव्हे, सौर आहे आणि एप्रिलच्या मध्याला वैशाखात सुरू होतो. बुबांच्या नागरिकतेवर, म्हणजे नागरिकत्वाच्या प्रमाणपत्रावर, जन्म २०१८ साल पौष. पासपोर्टवर तो बरोबर जानेवारी १९६२ झाला होता, कारण पौषाचा उत्तरार्ध जानेवारीत जातो. चार्टर्ड अकाउंटंटने मात्र सरळ सत्तावन वजा केले आणि १९६१ लिहिलं. पेन्शनच्या कागदाच्या भाषांतरातही १९६१. एकाच माणसाची दोन जन्मवर्षं! पहिल्या फाइलमध्ये हे कुणी पाहिलंच नाही. आता सगळी भाषांतरं नोटरीकडून पुन्हा करून घेतली आणि प्रत्येक ठिकाणी पासपोर्टवरची तारीख प्रमाण धरली.

आमाचं वेगळंच होतं. नागरिकतेवर नावामागे ‘कुमारी’ आणि माहेरचं थर, पासपोर्टवर सासरचं. थर म्हणजे आडनाव. यासाठी वडा कार्यालयात जायचं. आपल्याकडच्या वॉर्ड ऑफिससारखंच, पण नेपाळमध्ये त्याच्या हाती बरंच काही असतं. तिथून दोन कागद काढले: दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याची सिफारिस, आणि ‘नाता प्रमाणित’, म्हणजे पती, पत्नी, मुलगा, मुलगी यांचं नातं फोटोसह दाखवणारा दाखला. श्टुटगार्टचा मुलगा त्यात आला आणि पोखऱ्याची मुलगी आणि नातवंडंही आली. परत येण्याची ओढ कशाला आहे ते या एका कागदावरून स्पष्ट दिसत होतं.

पैशांचं मी एकच केलं: खोटं काढून टाकलं. २५ लाख तर कधीच परत गेले होते. बँकेचं गेल्या सहा महिन्यांचं साधं स्टेटमेंट लावलं, पेन्शन दर महिन्याला येते, वीज-पाणी-औषधांना जाते, थोडी उरते. ते २५ लाख स्टेटमेंटमध्ये अजून दिसत होतेच, येताना आणि जाताना. त्याबद्दल बुबांनी पत्रात दोन ओळींत कबूल केलं की ते एजंटच्या सांगण्यावरून ठेवलेले होते, आमचे नव्हते. हे लिहावं की नाही यावर मित्राशी माझं चांगलंच वाजलं. तो म्हणत होता, स्वतःच्या हाताने कबुली कशाला द्यायची? मी म्हटलं, त्यांना दिसणारच आहे, फक्त सांगणारं कोण असेल एवढंच आपल्या हातात आहे. शेवटी बुबांनीच निकाल दिला.

भाड्याचं उत्पन्न दाखवायचं तर कर भरायला हवा. बुबांनी महानगरपालिकेत जाऊन मागचा घरबहाल कर दंडासकट भरला आणि पावत्या घेतल्या. मालमत्तेच्या कोटींच्या अहवालाऐवजी फक्त लालपुर्जाचं भाषांतर लावलं. लालपुर्जा म्हणजे जमिनीच्या मालकीचा कागद, आपल्या सातबाऱ्यासारखा. किंमत लिहिली नाही. घराची किंमत किती यापेक्षा घर आहे हेच इथे उपयोगाचं.

खर्चाची जबाबदारी मुलाने घेतली. जर्मनीत यासाठी औपचारिक हमीपत्राची पद्धत आहे. यजमान आपल्या शहराच्या परदेशी नागरिक कार्यालयात पगाराच्या पावत्या, घराचा करार दाखवतो, २९ युरो भरतो आणि पाहुण्याच्या राहण्याखाण्याचा, दवाखान्याचा, गरज पडल्यास परत पाठवण्याचाही खर्च देण्याची कायदेशीर हमी देतो. हे कागद साध्या निमंत्रणपत्राच्या कितीतरी पट वजनाचे असतात. मुलगा आहे हे पहिल्या अर्जात लपवलं आणि त्याबरोबर हा सगळ्यांत भक्कम कागदही हातचा घालवला. विमा किमान ३०,००० युरोंचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा. मुक्काम एकच, श्टुटगार्ट, अधूनमधून जवळपासच्या दोन सहली. विमानाचं फक्त आरक्षण. व्हिसा हातात येण्याआधी तिकीट विकत घेऊ नये, हे मी सगळ्यांनाच सांगते.

अपॉइंटमेंट सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात होती. ८ आणि ९ सप्टेंबरला काठमांडूत तरुणांच्या ‘जेन-झी’ आंदोलनात काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. संचारबंदी लागली, त्रिभुवन विमानतळ ९ तारखेला बंद झाला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उघडला. आमा-बुबा पोखऱ्यातच थांबले. त्या आठवड्यात व्हिसाबद्दल बोलायला कुणाला सुचत नव्हतं. महिनाअखेरीची नवी वेळ मिळाली. नियमाप्रमाणे निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात, पंचेचाळीसपर्यंत लांबू शकतात. मध्ये दशैंच्या, म्हणजे तिकडच्या दसऱ्याच्या, सुट्या आल्या. या वेळी खिडकीवर पुन्हा तोच प्रश्न आला, जर्मनीच का, आणि बुबांनी तेच उत्तर दिलं. फाइलही तेच सांगत होती.

ऑक्टोबरच्या मध्याला पासपोर्ट परत आले. एकदाच प्रवेशाचा व्हिसा, मुक्काम ३० दिवस. स्टिकरवरची मुदत पंचेचाळीस दिवसांची दिसत होती आणि बुबांना वाटलं पंचेचाळीस दिवस राहता येईल. तसं नसतं. प्रवासाच्या तारखा पुढेमागे झाल्या तर सोय म्हणून पंधरा दिवस जास्त दिलेले असतात. राहायचे दिवस वेगळ्या रकान्यात लिहिलेले असतात आणि तेवढेच मोजायचे. ही चूक चांगल्या शिकलेल्या माणसांकडूनही होते आणि पुढच्या अर्जाला भोवते.

तिहारची, म्हणजे दिवाळीची, भाइटीका (आपली भाऊबीज) झाली आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ते निघाले. व्हिसा मिळाला म्हणजे सुटलो असं नेपाळी प्रवाशाचं नसतं, त्याला स्वतःच्या देशाच्या इमिग्रेशनमधूनही बाहेर पडायचं असतं. ‘भिजिट भिसा’, म्हणजे व्हिजिट व्हिसा, हा शब्द नेपाळमध्ये आज संशयाचा शब्द झाला आहे. कामासाठी परदेशी जायचं तर ‘श्रम स्वीकृति’, म्हणजे सरकारी परवानगी, घ्यावी लागते, तिच्याबरोबर विमा आणि कल्याणकोषाचं संरक्षण मिळतं. दलाल ते टाळून लोकांना पर्यटक व्हिसावर दुबईला उतरवतात आणि तिथून आणखी कुठे कुठे पाठवतात. तिकडे काही बरंवाईट झालं तर घरच्यांच्या हाती काही लागत नाही. मे २०२५ मध्ये याच भिजिट भिसाच्या पैशांच्या आरोपावरून तिथल्या भ्रष्टाचारविरोधी आयोगाने त्रिभुवन विमानतळाच्या इमिग्रेशनची चौकशी सुरू केली आणि त्यावरून संसदेचं काम कित्येक दिवस अडलं. त्याआधी फेब्रुवारी २०२१ मध्ये तर चाळिशीच्या आतल्या बायकांनी पहिल्यांदा आखात किंवा आफ्रिकेकडे जाताना घरच्यांची आणि वडा कार्यालयाची संमती आणावी असा प्रस्ताव आला होता. काठमांडूत बायका रस्त्यावर उतरल्या. गरीब मुलींना वाचवायचं म्हणून सगळ्याच बायकांना अडवायचं, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं.

यामुळे मी दोघांना हातातल्या पिशवीत वेगळी फाइल करून दिली: परतीचं तिकीट, मुलाचं हमीपत्र, नाता प्रमाणितची प्रत, बँकेतून परकी चलन घेतल्याची सटहीची पावती. काउंटरवर दहाएक मिनिटं प्रश्न झाले, बहुतेक आमालाच. मग जाऊ दिलं.

पुण्या-मुंबईत राहणाऱ्या नेपाळी मंडळींनी एक ध्यानात ठेवावं. मुंबई-दिल्लीहून आखाती देशांत जाताना नेपाळी पासपोर्टवाल्याकडे दिल्लीच्या नेपाळी दूतावासाचं ना-हरकत पत्र मागितलं जातं. विमानतळावर पोचल्यावर ते कळलं तर तिकीट वाया जातं. या कुटुंबाला त्याचा प्रश्न आला नाही, कारण मी त्यांना काठमांडूहूनच निघायला सांगितलं होतं.

फ्रांकफुर्टला बोटांचे ठसे, चेहऱ्याचा फोटो आणि वर शिक्काही, असं सगळं झालं. युरोपने १२ ऑक्टोबर २०२५ पासून प्रवेश-निर्गमनाची संगणकीय नोंद सुरू केली आहे आणि शिक्के टप्प्याटप्प्याने बंद व्हायचे होते. हे दोघे त्या मधल्या दिवसांत पोचले. त्या रात्री आमाने मला दोन फोटो पाठवले, एक मुलासोबतचा आणि एक शिक्क्याचा. शिक्क्याचा फोटो जरा हललेला आहे.

सत्ताविसाव्या दिवशी ते परत आले. पोखऱ्याला पोचल्यावर बुबांचा फोन आला, आता फाइल ठेवायची की टाकायची? मी म्हटलं, राहदानीचं शिक्क्याचं पान स्कॅन करून ठेवा, बोर्डिंग पासही ठेवा. आत गेल्याचा शिक्का आहेच, पण त्याच्या शेजारचा बाहेर पडल्याचा नीट उमटलाय का ते आधी बघा. ते चष्मा आणायला गेले. फोन तसाच चालू होता. मग म्हणाले, ‘छ, छोरी. सफासँग छ.’ आहे, पोरी. स्वच्छ उमटलाय.